ओल्ड ब्लेनहाइम पूल

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात नॉर्थ ब्लेनहाइम या खेड्याजवळ स्कोहॅरी नदीवर असलेला छप्परबंद लाकडी पूल. निकोलस पॉवर्स याने तो १८५५ मध्ये बांधला. तीन समांतर लाकडी कैच्या व मधल्या कैचीतील कमान यांच्या बळावर, पात्रात एकही खांब न घेता, त्याने सुमारे २१० फुटांचे अंतर साधले. छपरामुळे लाकडाचे पावसापासून रक्षण होई. शेजारी पोलादी पूल झाल्यावर १९३२ मध्ये वाहतूक थांबली. १९६४ मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा लाभला. १५६ वर्षे टिकलेला हा पूल २८ ऑगस्ट २०११ रोजी ‘आयरीन’ वादळाच्या महापुरात वाहून गेला. ग्रामस्थांच्या पाठपुराव्याने २०१८ मध्ये तेथेच, पण अधिक उंचीवर, त्याची प्रतिकृती उभी राहिली.