निळ्या ‘ई’पासून आजपर्यंत : आपला ब्राउझर कोण निवडतं?



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण हा इतिहास शिवकाळातला नाही की पेशवाईतला नाही. इथे बसलेल्या बहुतेकांच्या हयातीत घडलेला आहे. ज्यातून आपण इंटरनेटवरचं पान उघडतो, ते साधन म्हणजे ब्राउझर. त्याचा इतिहास न्हावऱ्यात कशाला सांगायचा, असं कुणाला वाटेल. शिरूर-दौंड पट्ट्यात हे गाव घोडगंगा कारखान्याचं म्हणून ओळखलं जातं. इथल्या माणसाला सातबारा लागतो, आठ-अ लागतो, पीएम किसानचा हप्ता आला का ते बघायचं असतं, बँकेचं खातं बघायचं असतं. ही सगळी कामं पूर्वी तलाठी कार्यालयाच्या किंवा बँकेच्या खिडकीवर व्हायची. आता ती ब्राउझरच्या खिडकीत होतात. म्हणजे जमीन आणि पैसा दोन्ही ज्या दारातून आत-बाहेर जातात, ते दार कुणी बसवलं आणि त्याची कडी कशी आहे, हे घरच्या माणसाला ठाऊक असायला हवं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गेल्या तीस वर्षांत आपल्यातल्या फार थोड्यांनी ब्राउझर स्वतः निवडला. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कुणीतरी आपल्यासाठी निवडला. कुणी आणि का, ते आपण बघू.

ऑगस्ट १९९५

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच महिन्यात अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. नेटस्केप नावाच्या नव्या कंपनीचे शेअर बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांचा भाव दुपटीवर गेला. आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ बाजारात आणताना इंटरनेट एक्स्प्लोअररची पहिली आवृत्ती आणली. म्हणजे आपल्याकडे इंटरनेटचं दार उघडलं त्याच महिन्यात तिकडे त्या दारावर हक्क कुणाचा, याची लढाई सुरू झाली.

वेब मुळात जन्मलं ते युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला. पण सामान्य माणसाला आवडला तो १९९३ चा मोझेक, कारण त्यात मजकुराच्या शेजारीच चित्र दिसायचं. मोझेक अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात तयार झाला. तो करणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन बाहेर पडले आणि त्यांच्या कंपनीचा नेटस्केप १९९४ च्या अखेरीस आला. नेटस्केप चांगला होता. पण मायक्रोसॉफ्टकडे असं काही होतं जे नेटस्केपकडे नव्हतं: प्रत्येक संगणकाबरोबर जाणारी विंडोज. तिच्यात एक्स्प्लोअरर फुकट आणि आधीच बसवलेला. संगणक सुरू केला की पडद्यावर निळा ‘ई’ हजर. मग दुसरा ब्राउझर कोण शोधत बसणार?

याच मुद्द्यावर मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. २००० साली न्यायालयाने कंपनीने कायदा मोडल्याचं म्हटलं, कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेशही दिला. वरच्या न्यायालयाने २००१ मध्ये तो आदेश रद्द केला आणि पुढे तडजोड झाली. पण तोवर नेटस्केपचा खेळ संपला होता. २००३ च्या सुमारास जगात दहातले नऊपेक्षा जास्त लोक एक्स्प्लोअरर वापरत होते.

मराठी अक्षरं आणि निळा ‘ई’

आता महाराष्ट्रात या. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं. त्यांच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यात, मोठ्या गावांत संगणक नेला. शाळकरी पोरं, शिक्षक, सरकारी नोकर, सगळे माउस धरायला तिथे शिकले. हे फार मोठं काम झालं. पण त्या काळात वर्गातल्या संगणकावर विंडोज होती, त्यामुळे इंटरनेट म्हणजे निळा ‘ई’ हे समीकरणही तिथेच पक्कं झालं. ‘इंटरनेट उघड’ म्हटलं की पोरगं त्या ‘ई’वर दोनदा टिचकी मारायचं.

दुसरं कारण आपल्या भाषेचं होतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण ते संगणकापर्यंत पोचायला वेळ लागला. विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसावं म्हणून एक सोय वेगळी चालू करावी लागायची आणि त्यासाठी मूळ सीडी मागायची. ती सीडी किती जणांकडे असायची? मग मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी वेगळा मार्ग काढला. मजकूर खासगी फाँटमध्ये ठेवायचा आणि पानाबरोबर तो फाँट आपोआप उतरवायचा. ही युक्ती ज्या पद्धतीने जास्त वापरली गेली ती मायक्रोसॉफ्टची होती, आणि ती एक्स्प्लोअररमध्येच चालायची. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं की बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसायचा.

म्हणजे बघा, मराठी वाचायचं असेल तर एक्स्प्लोअरर. माणसाने काय निवडायचं? आपली भाषाच त्या ब्राउझरला बांधली गेली होती. कुणी मुद्दाम बांधली असं मी म्हणत नाही. प्रत्येकाने आपापल्या अडचणीवर जवळचा उपाय शोधला आणि सगळ्या उपायांची बेरीज अशी झाली.

ही फक्त आपली कहाणी नाही. दक्षिण कोरियात नव्वदच्या दशकाच्या शेवटी बँकेच्या व्यवहारांसाठी स्वतःची कूटपद्धती आणली गेली. ती चालायला मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्टिव्हएक्स लागायचं, म्हणून अख्खा देश कित्येक वर्षं एक्स्प्लोअररला जखडून राहिला. तिथली ती प्रमाणपत्रांची सक्ती डिसेंबर २०२० मध्ये उठली. आपल्याकडेही डिजिटल सहीची कामं बराच काळ जावावर चालत. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये असे जुने जोड बंद केले. ते धोक्याचे होते म्हणूनच बंद केले. तेव्हा अनेक कार्यालयांनी काय करावं? त्या एका कामासाठी जुना एक्स्प्लोअरर जपून ठेवला. जुनी कडी तशीच राहिली, का तर नव्या कडीत आपली किल्ली बसत नव्हती.

स्पर्धा संपली की काय होतं

एक्स्प्लोअररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी २००६ मध्ये. मधली पाच वर्षं स्पर्धकच नव्हता, तर घाई कशाला? याच काळात इंटरनेटवर चोर वाढले. पान नुसतं उघडलं तरी संगणकात काहीतरी शिरायचं. सायबर कॅफेत बसलेल्यांना तो काळ आठवत असेल: एक बंद केली की दुसरी उघडणारी जाहिरातीची खिडकी, आणि न मागता येऊन बसलेल्या पट्ट्या.

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. नेटस्केपने मरता मरता आपला कोड खुला केला होता, त्याच मुळातून हे झाड उगवलं. पुढे स्वयंसेवकांनी त्याचं मराठीही केलं. २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलचा क्रोम आला. क्रोमने दोन गोष्टी पक्क्या केल्या. प्रत्येक पान वेगळ्या कोठडीत चालवायचं, म्हणजे एका पानात घाण शिरली तरी ती सगळ्या घरभर पसरायची नाही. आणि दुरुस्ती वापरणाऱ्याला न विचारता, मागच्या मागे करून टाकायची. या दुसऱ्या गोष्टीने सामान्य माणसाची सुरक्षा जितकी वाढली, तितकी दहा व्याख्यानांनी वाढली नसती. निळा ‘ई’ अखेर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला.

आज परिस्थिती उलटी झाली आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे क्रोमियम या एकाच खुल्या पायावर उभे आहेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये पहिलं बक्षीस झोहो कंपनीला मिळालं. तिचा उला हा ब्राउझरही क्रोमियमवरच आहे. वेगळ्या मुळाचे मोठे दोनच उरले: फायरफॉक्स आणि अ‍ॅपलचा सफारी. २००३ चा अनुभव ज्याला आठवतो त्याला याची थोडी काळजी वाटली पाहिजे.

मोबाईल आला, संगणक मागे पडला

गावात मात्र खरा इंटरनेट आला तो फोनवरून. टू-जीच्या दिवसांत ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझर लोकप्रिय होते, आणि त्याला कारण होतं. हे ब्राउझर पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर उघडत, तिथे दाबून लहान करत आणि मग फोनवर पाठवत. पैसे वाचायचे, वेळ वाचायचा. पण विचार करा, आपलं पत्र पोस्टमनने फोडून, आटोपशीर लिहून आपल्याला द्यावं, तसा हा मामला. सोय आहे, पण भरवसा पोस्टमनवर. २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवून दिलं, की यूसी ब्राउझर वापरणाऱ्याची माहिती नीट न झाकता बाहेर पाठवत होता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात यूसी होता. मधल्या काळात कोट्यवधी लोकांनी तो वापरला, कारण फोन स्वस्त होता आणि नेट महाग होतं. गरिबाच्या निवडीला ‘अज्ञान’ म्हणणं सोपं असतं, पण त्याच्यापुढे ठेवलेले पर्यायही बघावे लागतात.

कुलपाची गोष्ट

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण इथे माणसं फसतात.

१९९५ च्या सुमारास नेटस्केपने माहिती झाकून पाठवण्याची पद्धत आणली. पान सुरक्षित आहे हे कळावं म्हणून आधी किल्लीचं आणि पुढे कुलपाचं चित्र दाखवायला सुरुवात झाली. त्या काळी असं प्रमाणपत्र घ्यायला पैसे आणि कागदपत्रं लागत. त्यामुळे चोर सहसा त्या भानगडीत पडत नसत. म्हणून शिकवलं गेलं: ‘कुलूप दिसलं की साइट खरी.’ तेव्हा तो सल्ला बऱ्यापैकी बरोबर होता.

२०१५ च्या अखेरीस लेट्स एनक्रिप्ट या संस्थेने प्रमाणपत्रं सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली. हे चांगलंच झालं, सगळं इंटरनेट झाकलं गेलं. पण कुलूप चोरालाही फुकट मिळालं. आज कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचं आणि समोरच्याचं बोलणं मधे कुणी ऐकत नाही. समोरचा प्रामाणिक आहे की लबाड, हे कुलूप सांगत नाही. म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतून ते चित्रच काढून टाकलं. सल्ला मात्र अजून गावोगाव फिरतोय.

मग बघायचं काय? पत्ता. आणि तो उजवीकडून वाचायचा. पत्त्यात पहिली एकेरी तिरपी रेघ येते तिथे थांबा, आणि तिथून मागे, डावीकडे वाचत या. शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर ती सरकारी जागा. पुढे कितीही वेळा ‘महाभूमी’ किंवा ‘पीएमकिसान’ लिहिलेलं असलं आणि शेवट दुसराच असला, तर ती सरकारची नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ असा वेगळा शेवट ठरवून दिला, तोही याच कारणासाठी.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्याची फी १५ रुपये. बिनसहीचा नुसता बघायला फुकट आहे, पण तो शासकीय कामाला चालत नाही. आता कुणी ‘सातबारा’ असं शोधून वर आलेल्या पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवलं आणि तिथे दोनशे रुपये भरले, तर त्याचा ब्राउझर कितीही चांगला असो, काय उपयोग?

मग निवडायचं कसं

इतिहासातून चार कसोट्या निघतात. एक, दुरुस्ती आपोआप येते का आणि तुमच्या फोनवर, संगणकावर अजून येते का. दोन, फसव्या पानावर इशारा देतो का. क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी चारही देतात, तो इशारा ओलांडून पुढे जाऊ नका. तीन, मराठीत वापरता येतो का, कारण न समजलेल्या इशाऱ्यावर माणूस ‘ओके’च दाबतो. चार, तो कुठून उतरवला. कंपनीच्या जागेवरून की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाईलमधून. या चार गोष्टी जमल्या तर नाव कुठलंही चालेल. रोजच्यासाठी एक ठेवा आणि बँकेसाठी दुसरा वेगळा ठेवा, त्यात जोड-बीड काही घालू नका. फायरफॉक्ससारखा वेगळ्या मुळाचा एक घरात असला तर उत्तम.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यातले दोन येथे देत आहोत.)

प्रश्न : आमच्याकडे विंडोज सात आहे, क्रोम चालतोय. मग काय बिघडलं?

उत्तर : चालतोय, पण थांबलेला आहे. विंडोज सातवर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीची. त्यानंतर सापडलेली भोकं त्यात तशीच आहेत. त्यावर गाणी ऐका, पोरांना टायपिंग शिकवा, पण बँक आणि आधारची कामं करू नका. यंत्राला नवी विंडोज झेपत नसेल तर लिनक्स टाकून बघा, जुन्या यंत्रावरही ते बऱ्यापैकी चालतं.

प्रश्न : पैसे गेलेच तर?

उत्तर : लाजू नका आणि थांबू नका. ताबडतोब १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात, जितक्या लवकर सांगाल तितकी ते वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. घरात म्हातारी माणसं असतील तर हा नंबर आज गेल्यावर भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.