स्क्विडच्या संरचना-फाइलचा इतिहास

स्क्विड हा मुक्त-स्रोत प्रॉक्सी सर्व्हर 1996 मध्ये पुढे आला. कोलोरॅडो विद्यापीठातील हार्वेस्ट प्रकल्पाच्या कॅशपासून ड्वेन वेसल्स यांनी तो घडवला. त्याचे सारे वागणे 'स्क्विड.कॉन्फ' या एका साध्या मजकूर-फाइलवर चालते. पुस्तिका वेगळी शोधावी लागू नये म्हणून प्रत्येक पर्यायाचे स्पष्टीकरण या फाइलमध्येच, टिप्पण्यांच्या रूपात दिलेले असे.

यामागची रचना खरोखर विचारपूर्वक केलेली होती. पर्यायाचे नाव, प्रकार, मूळ मूल्य आणि त्याचा खुलासा हे सर्व स्रोतसंहितेतील एकाच फाइलमध्ये लिहिले जाई. बांधणीच्या वेळी एक छोटा प्रोग्राम त्या फाइलमधून आज्ञा वाचणारा कोड आणि नमुना संरचना-फाइल, दोन्ही तयार करी. त्यामुळे नवा पर्याय आला की त्याची नोंदही त्याच जागी करावी लागे. दस्तऐवज मागे पडण्याचा नेहमीचा रोग येथे बराच आटोक्यात राहिला.

मात्र पर्याय वाढले तशी फाइल हजारो ओळींची झाली. प्रवेशाचे नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो. असा क्रमाला महत्त्व असलेला मजकूर टिप्पण्यांच्या गर्दीत विखुरला की चूक सहज नजरेआड होते, आणि प्रॉक्सीच्या बाबतीत ही चूक सुरक्षेची असते.

2010 मध्ये स्थिर झालेल्या 3.1 आवृत्तीने मूळ फाइल काही मोजक्या ओळींवर आणली. बरीच मूल्ये प्रोग्राममध्येच अंतर्भूत केली गेली आणि संपूर्ण खुलासा 'स्क्विड.कॉन्फ.डॉक्युमेंटेड' या स्वतंत्र फाइलमध्ये हलवला गेला.