अष्टसात्त्विक भावांची परंपरा

भाव मनात उठतो, पण त्याची पहिली वार्ता देह देतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात ती आठ लक्षणांत टिपली आहे: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय. मात्र एका लक्षणास एकच भाव त्यांनी जोडला नाही. रोमांच हर्षाने येतो, तसाच भय, क्रोध, शीत व रोग यांनीही येतो. गीतेत पहिल्या अध्यायी विषादाने अर्जुनाचे मुख कोरडे पडते, त्वचेचा दाह होतो, अंगावर काटा येतो. अकराव्यात विश्वरूपदर्शनाने विस्मित झालेला तोच अर्जुन पुन्हा रोमांचित होतो. काटा तोच, भाव निराळा!

शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत, नवव्या अध्यायाच्या अखेरीस, संजयाच्या ठायी हे सात्त्विक भाव दाटून येतात. तेच शब्द ऐकणारा धृतराष्ट्र मात्र पुरात बसलेल्या रेड्यासारखा ढिम्म राहतो. ज्ञानदेवांचे हे निरीक्षण फारच मार्मिक आहे.

पुढे इ. स. १५४१ मध्ये रूपगोस्वामींनी भक्तिरसामृतसिंधूत या भावांच्या धूमायित, ज्वलित, दीप्त व उद्दीप्त अशा पायऱ्या सांगितल्या. कीर्तनरंगी श्रोत्यास कठोर वाटेल असा निवाडाही त्यांनी दिला: अंतरी सत्त्वाचा लेश नसता केवळ स्वभावाने वा सवयीने आलेले अश्रू 'निःसत्त्व', म्हणजे सात्त्विकाचा निव्वळ आभास होत.