यंत्राच्या प्रश्नास यंत्राचें उत्तर

संगणकाच्या पडद्यावर चित्रें दिसूं लागण्यापूर्वींचा काळ हा केवळ अक्षरांचा होता. मनुष्यानें कळफलकावर आज्ञा टाइप करावी, यंत्रानें कागदावर अथवा पडद्यावर उत्तर उमटवावें आणि मनुष्यानें पुन्हां नवी आज्ञा द्यावी, असा तो संवाद चाले. या संवादांत एक वैगुण्य होतें. विणकामापासून हिशेबापर्यंत सर्व कामांतील पुनरावृत्ति यंत्रांनीं आपल्या अंगावर घेतली होती. परंतु त्या यंत्रांस रोज त्याच त्या आज्ञा देण्याची पुनरावृत्ति मात्र मनुष्याच्या बोटांवरच राहिली होती.

ही कटकट चुकविण्याचा एक आरंभींचा यत्न अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें झाला. तेथें १९६१ सालीं फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं एकाच संगणकावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करण्याची व्यवस्था करून दाखविली. त्याच व्यवस्थेवर काम करणारे फ्रेंच अभियंते लुई पूझां यांनीं पुढें 'रनकॉम' नांवाची आज्ञावली लिहिली. नित्याच्या आज्ञा एका फाईलींत ओळीनें लिहून ठेवावयाच्या आणि फाईलीचें नांव घेतांच यंत्रानें त्या एकामागून एक पार पाडावयाच्या, एवढेंच तिचें काम. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून घडत गेलेल्या युनिक्सनें हीच कल्पना वाढविली. कळफलकाऐवजीं फाईलींतूनच उत्तरें पुरविण्याची सोय तींत होती.

परंतु आज्ञा देणें निराळें आणि प्रश्न ऐकून उत्तर देणें निराळें. फाईलींतील उत्तरांचा क्रम आधींच ठरलेला असतो. प्रोग्रॅमनें मध्येंच एक जादा प्रश्न विचारला कीं पुढचीं सारीं उत्तरें एकेक घर चुकत जातात. शिवाय संकेतशब्द विचारणारे कित्येक प्रोग्रॅम फाईलीकडे ढुंकूनहि न पाहतां थेट टर्मिनलकडूनच उत्तर मागत.

युनिक्समधील फाईलव्यवस्था तपासणारा 'एफएससीके' हा प्रोग्रॅम या अडचणीचें ठळक उदाहरण होय. एकाएकीं वीज गेल्यावर तबकडीवरील नोंदी विस्कळित होत. मग तो प्रत्येक दोषाला 'दुरुस्त करूं काय?' असें विचारी. शेंकडों प्रश्नांस उत्तर कोण देणार? सर्वांस सरसकट होकार देण्याची सोय होती. इतकेंच नव्हे, तर १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत होकाराचें अक्षर अखंड ओकत राहणारी 'येस' नांवाची एक आज्ञाच आहे. पण नंदीबैलाप्रमाणें प्रत्येक प्रश्नाला मान डोलावली, तर दुरुस्तीच्या नांवाखालीं एखादी मोलाची फाईलहि नष्ट व्हावयाची.

या पेंचांतून वाट काढली ती अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंतील डॉन लाइब्ज यांनीं. १९८७ सालीं त्यांना सुचलेली 'एक्स्पेक्ट' ही आज्ञावली १९९० सालीं जाहीर झाली. तिला भाषा लाभली ती बर्कले येथें जॉन औस्टरहाऊट यांनीं रचलेल्या टीसीएलची. तिचें मर्म तीन क्रियांत आहे: प्रोग्रॅम सुरू करणें, अपेक्षित शब्द उमटेपर्यंत थांबणें आणि मग उत्तर धाडणें. हें सारें एका नकली टर्मिनलद्वारां घडे. त्यामुळें समोर मनुष्यच बसला आहे, असें प्रोग्रॅमला वाटे. किरकोळ दोषास होकार द्यावा आणि अनोळखी प्रश्न येतांच मनुष्यास हांक मारून कळफलक त्याच्या हवालीं करावा, हें आतां शक्य झालें. लाइब्ज यांनीं गमतीचाहि एक दाखला दिला. 'रोग' नांवाच्या खेळांत खेळाडूचें बळ बहुधा १६ असे, क्वचित् १८. त्यांची आज्ञावली १८ चा डाव हातीं येईपर्यंत खेळ पुनःपुन्हां सुरू करी.

या सोयीला एक काळी बाजूहि होती. उत्तरें यंत्रानें द्यावयाचीं तर संकेतशब्दहि कोठें तरी लिहून ठेवणें आलें. आणि तो जेथें लिहिला, तेथें तो दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडण्याचें भय आलेंच.

रनकॉमनें बोटांचे श्रम वांचविले, 'येस'नें होकाराचे. 'एक्स्पेक्ट'नें मात्र उत्तरापूर्वीं प्रश्न ऐकण्याची शिस्त यंत्रास लाविली. कोणता प्रश्न यंत्रावर सोंपवावा आणि कोणत्या प्रश्नाशीं आपण थांबावें, याचा निर्णय मात्र तिनें मनुष्याकडेच ठेवला.