प्रतिमेचा धनी कोण? : खाजगी छायाचित्रांच्या प्रसाराविरुद्ध लाभलेल्या कायदेशीर साहाय्याचा इतिहास

१८३९ साली पॅरिस येथे दागेरची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली, तेव्हा युरोपातील न्यायशास्त्राजवळ माणसाच्या प्रतिमेचा विचार करावयास स्वतंत्र अशी परिभाषा नव्हती. वस्तूची मालकी, पक्षकारांमधील करार आणि अब्रूचे संरक्षण ह्या तीनच कल्पना हाताशी होत्या. खाजगीत काढलेले चित्र त्यातील व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध चव्हाट्यावर आले म्हणजे ह्या तिन्ही अपुऱ्या पडतात. चित्राची मालकी बहुधा ते काढणाऱ्याकडे असते. करार क्वचितच झालेला असतो. आणि चित्र खोटे नसल्यामुळे बदनामीचा दावाही लंगडा पडतो. विवस्त्र किंवा अन्यथा अत्यंत खाजगी स्वरूपाची चित्रे संमतीवाचून पसरविण्याचा जो अपराध आज सर्वत्र दिसतो, त्याविरुद्ध पीडित व्यक्तीला मिळणारे साहाय्य ह्या अपुरेपणातूनच वाट काढीत आलेले आहे. ‘चित्र कोणाचे?’ ह्या प्रश्नाकडून ‘संमती कशासाठी आणि कोठवर दिली होती?’ ह्या प्रश्नाकडे न्यायव्यवहाराला यावयास सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली.

ह्या विचाराचा आरंभ छायाचित्राशी संबंध नसलेल्या एका खटल्यात आढळतो. राणी व्हिक्टोरिया व तिचा पती आल्बर्ट ह्यांनी स्वतःच्या विरंगुळ्यासाठी काही कोरीव चित्रे केली होती आणि त्यांच्या मोजक्या प्रती काढण्याकरिता पत्रे विंझर येथील मुद्रकाकडे दिले होते. तेथील एका कामगाराने जास्तीच्या प्रती काढून ठेवल्या. त्या विल्यम स्ट्रेंज नामक प्रकाशकाच्या हाती लागल्या आणि त्याने त्यांचे प्रदर्शन भरविण्याचा व सूची छापण्याचा बेत केला. १८४९ साली लॉर्ड कॉटनहॅम ह्यांनी त्यास मनाई केली. अप्रकाशित कृतीवरील मालकी हा निकालाचा एक आधार होता, तर विश्वासभंग हा दुसरा. ज्या कामासाठी वस्तू हवाली केली, त्या कामापलीकडे तिचा उपयोग करावयाचा नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आले. राजघराण्याच्या हौसेसाठी मांडला गेलेला हा युक्तिवाद पुढे सामान्य स्त्रियांच्या उपयोगी पडावयाचा होता.

फ्रान्समध्ये विचाराची दिशा निराळी होती. १८५८ च्या जानेवारीत प्रख्यात नटी राशेल मृत्यू पावली. तिच्या अखेरच्या शय्येचे चित्र प्रसृत झाल्यावर बहिणीने दाद मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसच्या दिवाणी न्यायालयाने असे ठरविले की, मृत्युशय्येवरील व्यक्तीची मुद्रा कुटुंबाच्या संमतीवाचून कोणासही प्रसिद्ध करता येणार नाही. मग ती व्यक्ती कितीही नामांकित असो. चित्रकाराची कीर्ती किंवा चित्राचा उत्तमपणा ह्यांचा न्यायालयाने विचार केला नाही.

त्यानंतरचा, १८६७ चा निकाल प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होय. कादंबरीकार आलेक्सांद्र ड्यूमा (थोरला) आणि अमेरिकन नटी एडा आयझॅक्स मेंकेन ह्यांची सलगीच्या पवित्र्यातील छायाचित्रे लिएबेर नामक छायाचित्रकाराने काढली व बाजारात विकावयास ठेवली. ती चोरून घेतलेली नव्हती. दोघेही कॅमेऱ्यासमोर स्वखुशीने बसले होते. ड्यूमाने विक्री थांबविण्याची मागणी केली असता पहिल्या न्यायालयाने ती फेटाळली. २५ मे १८६७ रोजी अपील न्यायालयाने मात्र निकाल फिरविला. चित्राच्या प्रसिद्धीस मूक संमती होती असे मानले, तरी प्रसिद्धीचे स्वरूप डोळ्यांपुढे आल्यावर ती परत घेण्याचा अधिकार माणसाला असतो, कारण खाजगी जीवन हे सौदा करून कायमचे विकावयाची वस्तू नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. येथे एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावयास हवी. दाद मागणारा एक विख्यात पुरुष होता. लोकांच्या कुचेष्टेचा अधिक वाटा जिच्या पदरी आला असणार, ती नटी ह्या निकालाच्या इतिहासात वादी म्हणून दिसत नाही.

इंग्लंडमध्ये ती उणीव १८८८ साली भरून निघाली. श्रीमती पोलार्ड ह्यांनी एका दुकानात स्वतःचे छायाचित्र काढवून घेतले. दुकानदाराने ते नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापून दर्शनी खिडकीत विक्रीस मांडले. चित्र अश्लील नव्हते. तक्रार होती ती विचारल्यावाचून केलेल्या उपयोगाची. १८६२ च्या कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढविलेल्या चित्राचा कॉपीराइट गिऱ्हाइकाकडे जात असे. पण त्याची नोंदणी झालेली नसल्यामुळे त्या वाटेने दावा चालविता येईना. तेव्हा न्यायमूर्ती नॉर्थ ह्यांनी गिऱ्हाईक व छायाचित्रकार ह्यांमध्ये एक अध्याहृत करार असल्याचे मानले, विश्वासभंगाच्या तत्त्वाचा आधार घेतला आणि मनाई हुकूम दिला.

त्या निकालाची मर्यादा सुनावणीतच उघड झाली होती. चित्र व्यक्तीच्या नकळत काढलेले असेल तर काय, असा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारला असता, तशा प्रसंगी कराराला मोबदल्याचा आधार राहणार नाही, असे उत्तर वादीच्या वकिलाला द्यावे लागले. म्हणजे विश्वासाने घेतलेल्या चित्राला संरक्षण मिळाले आणि चोरून घेतलेले उघड्यावर राहिले. अमेरिकेत वॉरन व ब्रँडाइस ह्यांनी १८९० साली खाजगीपणाच्या हक्कावर जो सुप्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात त्यांनी नेमका हाच संवाद उद्धृत केला आणि करार व मालकी ह्यांच्या आधारावाचून उभ्या राहणाऱ्या स्वतंत्र हक्काची गरज प्रतिपादिली.

जर्मनीत विधिमंडळाला जाग आली ती एका मृत्यूमुळे. ३० जुलै १८९८ रोजी बिस्मार्क निधन पावला. त्याच रात्री दोन छायाचित्रकारांनी फ्रीडरिश्सरू येथील त्याच्या घरात शिरून प्रेताचे छायाचित्र घेतले. सर्वोच्च न्यायालयाने १८९९ साली वारसांच्या बाजूने कौल दिला. पण त्यासाठी त्याला घरात बेकायदेशीरपणे शिरल्याच्या मुद्द्याचा आश्रय घ्यावा लागला, कारण प्रतिमेवरील हक्क सांगणारे कलमच नव्हते. १९०७ च्या कायद्याने ते आणले. व्यक्तीचे चित्र तिच्या संमतीनेच प्रसृत करता येईल, असे त्याच्या २२ व्या कलमात सांगितले असून भंग करणारास शिक्षेचीही तरतूद केलेली आहे.

हिंदुस्थानात ह्या काळी निराळाच कायदा लागू होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत अश्लील वस्तूंच्या विक्रीस व प्रदर्शनास शिक्षा सांगितली होती. परंतु तीत हानी होते ती समाजाच्या नीतीची, चित्रातील स्त्रीची नव्हे. तिने तक्रार केली तर न्यायालयापुढे पहिला प्रश्न चित्र अश्लील आहे किंवा नाही हा उपस्थित व्हावयाचा. ते अश्लील ठरले तर ते काढू दिल्याचा ठपका तिच्यावर येण्याची भीती, आणि न ठरले तर अपराधच नाही, अशी ही कोंडी होती. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानेही तिला फारसा हात दिला नाही. मोबदला देऊन काढविलेले छायाचित्र सामान्यतः काढविणाराच्या मालकीचे होते. एरवी ज्याने ते काढले तोच त्याचा पहिला धनी. पती किंवा प्रियकर ह्याने घरात घेतलेले चित्र ह्या हिशेबाने त्याचेच ठरते. स्वतः स्वतःचे काढलेले चित्र तेवढे तिचे. आणि म्हणूनच एकविसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक स्त्रियांना अशी चित्रे संकेतस्थळांवरून काढविण्यासाठी कॉपीराइटच्या कायद्याचाच आडमार्ग धरावा लागला.

संमतीचा प्रश्न किती अवघड राहिला होता, हे २०१५ व २०१६ मधील दोन निकालांवरून दिसते. ऑक्टोबर २०१५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका छायाचित्रकारास, त्याच्या पूर्वीच्या सखीची खाजगी चित्रे नष्ट करण्याचा आदेश कायम केला. ती चित्रे तिच्या संमतीने घेतलेली होती, काही तर तिनेच त्यास दिली होती, आणि ती प्रसिद्ध करण्याचा त्याचा विचार सिद्ध झालेला नव्हता. तरीही ती संमती नात्यापुरती होती आणि नाते संपताच संपली, असे न्यायालयाने मानले. नेहमीच्या वेषातील साधी चित्रे मात्र त्याच्याजवळ राहू दिली. उलट मार्च २०१६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, चित्र काढण्यास संमती असल्यास त्याचा पुढील प्रसार तत्कालीन फौजदारी कलमात बसत नाही, असा निर्णय दिला. दंडाचे कलम शब्दशः वाचावयाचे, ह्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण १८६७ साली त्याच देशातील दिवाणी न्यायालयाने ओळखलेला भेद दीडशे वर्षांनंतरही दंडविधानात उतरलेला नव्हता, हे त्याने उघड केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवे कलम करून ही फट बुजविण्यात आली.

भारतात हा भेद त्यापूर्वीच लेखी आला होता. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचा भर अश्लीलतेवरच होता. २००८ च्या दुरुस्तीने ६६-ई हे कलम घालून, खाजगी अवयवांचे चित्र संमतीवाचून घेणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठविणे हा अपराध ठरविला. त्यात पीडित स्त्री की पुरुष असा भेद नाही. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमण्यात आली आणि २०१३ च्या दुरुस्तीने दंड संहितेत ३५४-क हे कलम आले. त्याच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, स्त्रीने चित्र घेण्यास संमती दिली असली, तरी ते इतरांना दाखविण्यास दिली नसेल, तर त्याचा प्रसार हा अपराधच होय. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात हीच तरतूद असून ती १ जुलै २०२४ पासून अंमलात आहे. मार्च २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधील तमलुक येथील न्यायालयाने एका तरुणास, त्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीची चित्रे पसरविल्याबद्दल ५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. नुकसानभरपाईच्या बाबतीत तिला बलात्कारपीडितेप्रमाणे लेखावे, असेही त्या न्यायालयाने शासनास सांगितले.

२०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण ह्याहून सूक्ष्म होते. एका स्त्रीने समाजमाध्यमांवर ठेवलेली साधी चित्रे कोणीतरी उचलून अश्लील संकेतस्थळावर मांडली होती. चित्रे स्वतः आक्षेपार्ह नव्हती. न्यायालयाने तरीही ती काढून टाकण्याचा व शोधयंत्रांतून वगळण्याचा आदेश दिला. चित्रात काय आहे ह्यापेक्षा ते कोठे व कोणाच्या इच्छेने मांडले गेले, हे येथे निर्णायक ठरले. नाताळच्या शुभेच्छापत्राविरुद्ध श्रीमती पोलार्ड ह्यांची तक्रार तत्त्वतः ह्याच जातीची होती.

हक्क लेखी आला म्हणजे साहाय्य पोचले असे होत नाही. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा अधिकार आहे. परंतु पोलीस ठाण्यात जाऊन तेच चित्र पुन्हा अनोळखी माणसांपुढे ठेवावे लागणे, ही ह्या वाटेवरील सर्वांत मोठी अडचण आहे. बलात्काराच्या खटल्यात पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने बंदी आहे आणि खटला बंद दरवाजाआड चालतो. ज्या अपराधाचे सारे स्वरूपच प्रसिद्धीचे आहे, त्या प्रस्तुत अपराधाला मात्र ह्या दोन्ही तरतुदी आपोआप लागू होत नाहीत. दिल्लीच्या प्रकरणात अर्जदार स्त्रीचा उल्लेख केवळ एका अक्षराने झाला. पण असे संरक्षण न्यायालयाच्या विवेकावर सोपविलेले राहते.

वेळेचा प्रश्नही तितकाच कठीण आहे. शुभेच्छापत्र खिडकीतून उचलता येत होते. संगणकजाळ्यातील चित्राच्या प्रती काही तासांत अगणित होतात आणि खटल्याचा निकाल यावयास वर्षे जातात. २०२१ च्या नियमांनी अशी तक्रार येताच २४ तासांत चित्र काढण्याचे बंधन माध्यमांवर घातले, ते ह्यासाठीच. शिक्षा, भरपाई आणि चित्राचा नाश ह्यांपैकी पीडितेला सर्वांत आधी हवी असते ती शेवटची गोष्ट, आणि न्यायसंस्थेने ती सर्वांत शेवटी ओळखली. ‘तू ते चित्र काढूच का दिलेस?’ हा प्रश्न घरात आणि पोलीस ठाण्यात आजही तिला विचारला जातो. तो प्रश्न न्यायाच्या दृष्टीने गैरलागू आहे, हे पॅरिसच्या न्यायालयाने १८६७ सालीच मानले होते आणि २०१३ च्या कलमाने ते भारतीय कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले आहे.