आरांची फुलदाणी



१९४२ साल म्हटले की पालघरकरांना १४ ऑगस्टचा गोळीबार आणि त्यात पडलेले पाच हुतात्मे आठवतात. त्याच साली मुंबईत कृष्णाजी हौलाजी आरा या चित्रकाराचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. हा गृहस्थ मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगून आलेला. पण पुढे त्याचे नाव झाले ते मुख्यतः फुलदाण्या, फळे आणि भांडी यांच्या चित्रांनी! देश पेटलेला असताना फुलदाणी रंगविणे ही पळवाट नव्हे काय, असा प्रश्न कोणासही पडेल.

उत्तरासाठी थोडे मागे गेले पाहिजे. सतराव्या शतकातील हॉलंडात स्थिरचित्र हे पुष्कळदा धनिकाच्या वैभवाचे प्रदर्शन असे. चांदीची भांडी, दूरदेशीची फळे. पाहणाऱ्याने दिपून जावे. आमच्या कलाशाळांतून तेच स्थिरचित्र छायाप्रकाशाचा धडा होऊन बसले. फ्रान्सच्या सेझानने मात्र सफरचंदालाही मनुष्याइतकेच गांभीर्य दिले आणि आधुनिकांचा मार्ग मोकळा केला. आरांवर सेझानचा ठसा आहे, हे टीकाकार सांगतात. पण तेवढ्याने उलगडा होत नाही.

आरांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळ बोलारम येथे झाला. आई लवकर वारली. सातव्या वर्षी पोर पळून मुंबईस आले. घरगडी म्हणून राबले, मोटारी पुसल्या. अशा घरांतले टेबल धन्याचे, त्यावरची फुलदाणी धन्याची. तिच्यावरची धूळ मात्र नोकराने झटकावयाची. आता आरांचे चित्र पाहा. टेबल दूर मागे सरत नाही, ते आपल्या अंगावर येते. फुले चौकटीत मावत नाहीत. जलरंगही तैलरंगासारखा जाड बसतो. येथे दिपणे नाही, हेवाही नाही. हाताळून ओळखीची झालेली वस्तू आहे.

१९४४ साली आरांना गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले ते मराठ्यांच्या लढाईच्या चित्रास. तोच मार्ग धरता तर टाळ्या सोप्या होत्या. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटाचे ते एक संस्थापक. तरीही ते फुलदाणीकडे वळले.

हुतात्म्यांचे धैर्य निराळे. त्याच्याशी तुलना मी करीत नाही. परंतु ज्याने दुसऱ्याची फुलदाणी पुसली, त्याने एके दिवशी ती स्वतःच्या नजरेने पाहावी आणि खाली स्वतःची सही करावी, हेही स्वातंत्र्यच होय. त्यास पळवाट म्हणण्यास माझी जीभ वळत नाही.