हेडलाइट संरक्षक फिल्म

हेडलाइट संरक्षक फिल्म म्हणजे मोटारीच्या पुढील दिव्यांच्या दर्शनी आवरणावर चिकटवला जाणारा, स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा होय. उडणारे खडे, वाळू, धूळ आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण यांपासून दिव्याच्या आवरणाचे रक्षण करणे हा तिचा हेतू असतो. मोटारीच्या रंगावर लावल्या जाणाऱ्या 'पेंट प्रोटेक्शन फिल्म'चाच (व्यवहारात 'पीपीएफ') हा एक प्रकार असून तो कार्यशाळेत तसेच थोड्या सरावाने घरीही लावता येतो. आधीच पिवळ्या पडलेल्या दिव्याला ही फिल्म पुन्हा नवेपण देत नाही. चांगल्या स्थितीतील दिवा चांगला राखणे एवढेच तिचे काम आहे.

पार्श्वभूमी

बोलीभाषेत दिव्याच्या या आवरणाला आजही 'काच' म्हटले जाते. परंतु हल्लीच्या मोटारींत ती काच नसते. प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर यांसारख्या जुन्या गाड्यांचे गोल दिवे खरोखरीच काचेचे होते. काच खड्याने फुटत असे, पण पिवळी पडत नसे. अमेरिकेत १९८३ साली नियम बदलून प्लॅस्टिकच्या आवरणाचे, आतील बल्ब बदलता येणारे दिवे वापरण्यास मुभा मिळाली आणि पुढील काळात जगभर पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे दिवे रूढ झाले. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ साली जर्मनीतील बायर कंपनीत हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी जवळजवळ एकाच वेळी, परस्परांपासून स्वतंत्रपणे लावला.

हे प्लॅस्टिक वजनाने हलके, हव्या त्या वळणाचे घडवता येणारे आणि आघात सोसण्यात काचेपेक्षा कितीतरी सरस आहे. त्याचे दोन दोष मात्र महत्त्वाचे आहेत. एक, त्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने त्यावर सहज ओरखडे उठतात. दोन, अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंची रचना बदलते आणि ते पिवळसर होते. म्हणून कारखान्यातच त्यावर कठीण, अतिनील किरण रोखणाऱ्या लाखेसारख्या लेपाचा थर दिलेला असतो. हा थर जोवर शाबूत असतो तोवर दिवा स्वच्छ राहतो. खड्यांच्या माऱ्याने, वाळूच्या घर्षणाने किंवा वर्षानुवर्षांच्या उन्हाने तो झिजला, की दिवा धुरकट होऊ लागतो.

या धुरकटपणाचा परिणाम केवळ दिसण्यापुरता नसतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत पिवळ्या, धुरकट झालेल्या दिव्यांचा प्रकाश नव्या दिव्यांच्या सुमारे एक पंचमांश इतकाच भरला होता. उरलेला प्रकाश आवरणातच शोषला जातो किंवा इतस्ततः विखुरतो. विखुरलेला प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, म्हणजे स्वतःला कमी दिसते आणि दुसऱ्याला त्रास होतो, असे दुहेरी नुकसान घडते.

पेठ वडगाव परिसर

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव हे बाजारपेठेचे गाव पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्गाच्या (क्रमांक ४८, पूर्वीचा क्रमांक ४) जवळ आहे. वाठार येथे महामार्ग गाठला, की एका दिशेला किणीचा टोलनाका आणि पुढे कराड-सातारा, तर दुसऱ्या दिशेला शिरोली आणि कोल्हापूर लागते. या भागातील वाहनांच्या दिव्यांना तीन गोष्टींचा विशेष उपद्रव होतो.

पहिली गोष्ट महामार्गावरील खडी. सातारा ते कागल या टप्प्यातील सहापदरीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी वळणरस्ते, सुटी खडी आणि धूळ यांच्याशी वाहनचालकांची गाठ पडत आली आहे. पुढील ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याचा आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने खडा आदळला, तर आघाताची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते.

दुसरी गोष्ट उसाचा हंगाम. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले, की वारणा खोऱ्यातील रस्त्यांवर पाचटाचा कचरा, माती आणि कारखान्यांच्या परिसरात हवेतून उतरणारी काजळी यांचा थर वाहनांवर बसतो. ही काजळी कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय दिव्यांना फार घातक असते, कारण फडक्याखाली अडकलेला कण सँडपेपरचे काम करतो. हाच काळ रात्रीच्या वाहतुकीच्या दृष्टीनेही कसोटीचा असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात चाललेले असतात, आणि ट्रॉलीच्या मागे लाल दिवा किंवा रेडियमची पट्टी असेलच अशी खात्री देता येत नाही. अशा वेळी डिप्परच्या प्रकाशात ट्रॉलीचा मागचा भाग किती अंतरावरून दिसतो, यावर बरेच काही अवलंबून असते. (येथील चालकांच्या भाषेत लांब पल्ल्याच्या प्रकाशझोताला 'अप्पर' आणि आखूड झोताला 'डिप्पर' म्हणतात, ट्रकच्या मागे लिहिलेली रात्री डिपर वापरण्याची सूचना त्याच शब्दाची साक्ष देते.)

तिसरी गोष्ट ऊन. अंगणात किंवा रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या गाडीचा ज्या बाजूचा दिवा दुपारनंतर उन्हात राहतो, तो दुसऱ्याच्या आधी पिवळा पडतो. एकाच गाडीचे दोन दिवे वेगवेगळ्या रंगांचे का दिसतात, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिच्या उभ्या राहण्याच्या जागेत सापडते.

फिल्मचे प्रकार

अशा फिल्मचा उगम लष्करी गरजेत आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात वाळू आणि मोडतोडीच्या कणांनी हेलिकॉप्टरची पाती झिजत असत. त्यांच्या रक्षणासाठी अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनचा चिकटपट्टा तयार केला. पुढे शर्यतीच्या आणि नंतर खाजगी मोटारींवर तो येऊन पोहोचला.

आज बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची ('टीपीयू') फिल्म लवचीक असते, वळणावर ताणून बसते आणि चांगल्या प्रतीची असल्यास तिच्यावरील बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येतात. पीव्हीसीची फिल्म स्वस्त असते, पण ती कडक असल्याने गोलाईवर सुरकुतते आणि उन्हात स्वतःच लवकर पिवळी पडते. ज्या पिवळेपणापासून बचाव करायचा तोच विकत घेण्यात अर्थ नाही, म्हणून दिव्यांसाठी टीपीयूच घ्यावी. सर्वसाधारण जाडी १५० ते २०० मायक्रॉन असते. केवळ दिव्यांसाठी बनवलेल्या काही फिल्म याहून जाड असतात. अतिनील किरण रोखण्याची क्षमता वेष्टनावर नमूद आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

पिवळ्या, निळ्या किंवा काळसर छटेच्या फिल्मही विकल्या जातात. त्या संरक्षक म्हणून खपवल्या जात असल्या तरी प्रकाश कमी करतात आणि त्यांचा विचार या लेखात केलेला नाही.

घरी लावण्याची पद्धत

साहित्य फारसे लागत नाही. दोन फवारणीच्या बाटल्या, लहान मुलांचा शाम्पू, आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्क्वीजी (रबरी किंवा मऊ प्लॅस्टिकची पट्टी), मायक्रोफायबरचे फडके, मास्किंग टेप, नवे पाते बसवलेला कटर आणि केस वाळवण्याचा ड्रायर एवढे पुरते. नंबरप्लेट आणि स्टिकर करणाऱ्या 'रेडियम आर्ट'च्या दुकानात स्क्वीजी आणि कटर सहज मिळतात. शिवाय साबणाच्या पाण्यावर फिल्म बसवण्याचे तंत्र तेथे प्रत्यक्ष पाहताही येते. अल्कोहोलऐवजी हाताचे सॅनिटायझर वापरू नये. त्यातील ग्लिसरीनचा थर दिव्यावर राहतो आणि गोंद धरत नाही. या भागातील बोअरचे पाणी जड असल्यास त्यातील क्षारांचे पांढरे ठिपके फिल्मखाली कायम राहतात. म्हणून बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड पाणी वापरणे उत्तम.

जागा सावलीची, वारा नसलेली असावी आणि दिवा थंड असावा. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीवर काम सुरू करू नये. पावसाळ्यात कडा वाळत नाहीत, तर एप्रिल-मेच्या दुपारी साबणाचे पाणी बघता बघता उडून जाते. त्यामुळे कोल्हापूर भागात दसऱ्यानंतर फेब्रुवारीपर्यंतची सकाळ, थंडी ओसरल्यावरची, सोयीची ठरते.

सर्वांत जास्त वेळ स्वच्छतेला द्यावा. दिवा भरपूर पाण्याने धुवावा, मग शाम्पूच्या फेसाने धुवावा, बोटांना खरखरीत लागणारे डांबराचे वा किड्यांचे डाग क्ले बारने काढावेत आणि शेवटी निम्मे पाणी व निम्मे अल्कोहोल यांच्या मिश्रणाने पुसावे. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. गॅरेजमध्ये सर्रास हाताशी असणारे हे द्रव पॉलिकार्बोनेटला केसासारख्या बारीक चिरा पाडतात आणि त्या पुन्हा बुजत नाहीत.

दिवा आधीच धुरकट असेल, तर फिल्मपूर्वी तो घासून घ्यावा लागतो. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर क्रमाने १०००, २००० आणि ३००० नंबरचा वापरून शेवटी पॉलिशिंग कंपाऊंड लावतात. टूथपेस्टने घासण्याचा घरगुती उपायही तत्त्वतः हेच करतो, परंतु अर्धवट. घासताना कारखान्यातील संरक्षक लेपही निघून जातो, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. त्यानंतर काहीच न लावल्यास दिवा काही महिन्यांत पूर्वीपेक्षा वेगाने पिवळा पडतो. घासलेल्या दिव्याला अतिनील किरण रोखणाऱ्या फिल्मची गरज म्हणूनच नव्या दिव्यापेक्षा अधिक असते. आवरणाच्या आतील बाजूस बाष्प किंवा धूळ असेल, तर बाहेरून काहीही केले तरी उपयोग नाही. तो दिव्याच्या सीलचा दोष असतो.

फिल्म कापण्यासाठी बटर पेपर दिव्यावर धरून पेन्सिलीने आकार उमटवावा आणि चारही बाजूंनी दोन ते तीन सेंटिमीटर जास्त ठेवून कापावे. पहिल्या बाटलीत पाण्यात शाम्पूचे काही थेंब, दुसरीत पाण्यात सुमारे एक चतुर्थांश अल्कोहोल भरावे. पहिले मिश्रण निसरडे असते, त्यावर फिल्म सरकवता येते. दुसरे मिश्रण साबण धुऊन काढते आणि गोंदाला पकड देते. या दोहोंतील फरक कळला, की निम्मे काम झाले.

दिवा आणि हाताची बोटे शाम्पूच्या पाण्याने ओली करावीत. फिल्मचा पाठकागद सोलताना उघड्या पडणाऱ्या गोंदावर सतत फवारा मारावा. कोरडे बोट लागल्यास तेथे ठसा राहतो. फिल्म दिव्यावर ठेवून मध्यभागी बसवावी आणि स्क्वीजी मधून कडांकडे, एकावर एक येतील अशा फटकाऱ्यांनी फिरवावी. गोलाई असेल तेथे कडेला ड्रायरची ऊब देऊन फिल्म सर्व बाजूंनी सारखी ताणावी. एकाच टोकाला जोराने ओढल्यास तेथे ताणाच्या रेषा उमटतात आणि रात्री प्रकाशझोतात त्या दिसतात. हीट गन वापरायची झाल्यास फार जपून, एका जागी न थांबता वापरावी. पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंश सेल्सिअसला मऊ पडते. कोपऱ्यांवर दुसऱ्या बाटलीतील मिश्रण फवारून कडा दाबून बसवाव्यात.

जादा भाग कापताना नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक नुकसान होते. पाते दिव्यावर टेकवून कापू नये. दिवा आणि बॉनेट यांमधील फटीवर फिल्म ताणून तेथे हवेत कापावी, किंवा कापायची रेषा आधी मास्किंग टेपने आखून घेऊन, फिल्म कडेला किंचित उचलून कात्रीने कापावी. कड दिव्याच्या काठापासून एक-दोन मिलिमीटर आतच राहू द्यावी. काठावरून मागे दुमडलेली फिल्म पाण्याच्या फवाऱ्याने उचलली जाते.

पहिले एक-दोन दिवस फिल्मखाली दुधी ढग आणि पाण्याचे बुडबुडे दिसतात. ते पाण्याचे असल्यास आठवडाभरात आपोआप निघून जातात. हवेचे बुडबुडे जात नाहीत. ते बारीक सुईने टोचून दाबावेत. आठवडाभर गाडी धुऊ नये.

प्रकाशझोताची तपासणी

काम झाल्यावर ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि तीच खरी महत्त्वाची आहे. फिल्म लावण्यापूर्वी सपाट जमिनीवर, भिंतीपासून सात-आठ मीटर अंतरावर गाडी उभी करून डिप्परच्या प्रकाशाची वरची कड खडूने भिंतीवर आखून ठेवावी. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने ही कड डाव्या बाजूला किंचित वर चढलेली असते. फिल्म वाळल्यावर त्याच जागी पुन्हा पाहावे. कड पूर्वीसारखीच रेखीव दिसली तर ठीक. ती पुसट झाली असेल किंवा कडेच्या वर प्रकाशाचे डाग दिसत असतील, तर फिल्ममध्ये सुरकुती किंवा हवा आहे असे समजावे आणि ती काढून टाकावी.

कायदेशीर बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये पुढील दिव्यांचा प्रकाश समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत अशा रीतीने खाली वळवलेला असणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली अभिषेक गोएंका खटल्यात मोटारींवरील काळ्या फिल्मवर घातलेली बंदी खिडक्यांच्या काचांविषयी आहे. तिचा संबंध दिव्यांच्या पारदर्शक फिल्मशी जोडण्याचा गोंधळ अनेकदा होतो. दिव्याचा रंग बदलणारी किंवा प्रकाश घटवणारी फिल्म मात्र दिव्यांसंबंधीच्या नियमांच्या उद्देशाला बाधा आणते.

दिव्यांवर जाणूनबुजून आवरण घालण्याचा उलट प्रकारही महाराष्ट्राने पाहिला आहे. १९७१च्या भारत–पाकिस्तान युद्धात मुंबईत ब्लॅकआउट असताना मोटारींचे दिवे विमानांना दिसू नयेत म्हणून त्यांचा वरचा भाग काळा रंगवलेला असे किंवा कागदाने झाकलेला असे.

देखभाल आणि काढणे

फिल्म लावलेला दिवाही पाण्याने धुऊनच पुसावा. प्रेशर वॉशरचा फवारा कडांवर जवळून मारू नये. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव टाळावेत. फिल्म खड्ड्यांनी खरबरीत झाली, पिवळी पडली किंवा कडेने सुटू लागली, की ती बदलावी. सुटलेल्या कडेखाली जाणारी माती दिव्यालाच घासत राहते.

काढताना ड्रायरने ऊब देत एका कोपऱ्यापासून, जवळजवळ दिव्याला समांतर राहील अशा कोनात, हळूहळू सोलावी. थंड फिल्म झटक्याने ओढल्यास गोंद मागे राहतो, आणि जुन्या दिव्याचा सुटू लागलेला मूळ लेपही तिच्याबरोबर निघू शकतो. राहिलेला गोंद अल्कोहोलने भिजवलेल्या फडक्याने, चोळण्याऐवजी काही वेळ ठेवून, मग पुसून घ्यावा.